खालच्या श्रेणीची वर्षे : पश्चिम भारतातील फुटबॉल संघ आणि पाठीराख्यांची स्मृती (२००७ ते २०२४)

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास बहुधा विजेत्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. करंडकांची यादी, अंतिम सामन्यांचे निकाल व नामवंत खेळाडूंची चरित्रे एवढ्यावर तो पूर्ण झाला असे मानले जाते. पाठीराख्यांची स्मृती मात्र अशा क्रमाने चालत नाही. आपला संघ वरच्या श्रेणीतून घसरला, लहान मैदानांवर खेळला, मोजक्या प्रेक्षकांसमोर हरला, ती वर्षे पाठीराखे विजयाच्या वर्षांइतक्याच, कित्येकदा त्याहून अधिक जिव्हाळ्याने सांगतात. ‘तेव्हाही आम्ही होतो’ ही भावना त्यांच्या निष्ठेचा पुरावा ठरते.

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील वाचकास श्रेणी ही कल्पना अपरिचित नाही. मुंबईच्या कबड्डीत प्रथम, द्वितीय व तृतीय श्रेणीचे संघ असतात. आपल्या भागात फुटबॉलची परंपरा कबड्डीइतकी रुजलेली नाही. तरीही आजचा महाविद्यालयीन विद्यार्थी मँचेस्टर, माद्रिद येथील संघांची नावे सहज सांगतो. मात्र आसनगाव स्थानकावरून लोकलने गाठता येईल अशा मुंबईत खेळणारा आणि द्वितीय श्रेणीत घसरल्यावर २०१७ मध्ये बंद पडलेला मुंबई एफसी हा संघ त्याला क्वचितच ठाऊक असतो. एका संघाची खालच्या श्रेणीतील वर्षे जगभर आठवली जातात आणि दुसऱ्याची विस्मृतीत जातात, असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) फुटबॉलमधील श्रेणी-पद्धतीचा उगम व भारतातील तिचा प्रवास थोडक्यात पाहणे.
२) साळगावकर, धेंपो व मुंबई एफसी या तीन संघांच्या घसरणीचा तौलनिक विचार करणे.
३) स्पर्धेची रचना व संघाची मालकी यांचा पाठीराख्यांच्या स्मृतीवर होणारा परिणाम तपासणे.

लेखात ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. मुलाखतींऐवजी नोंदलेल्या घटनांचा आधार घेतला असून, स्मृती टिकण्यासाठी कोणती परिस्थिती आवश्यक असते याचा त्यातून शोध घेतला आहे.

श्रेणी-पद्धतीचा उगम

इंग्लंडमधील फुटबॉल लीगने १८९२ मध्ये द्वितीय श्रेणी सुरू केली. याच वर्षी शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी मुंबई शहरास मिळू लागले, आणि त्याच्या आदल्या वर्षी, १८९१ मध्ये, मुंबईत रोव्हर्स चषक स्पर्धेस प्रारंभ झाला होता. ज्या काळात वसाहतीचे हे शहर विस्तारत होते, त्याच काळात तेथे फुटबॉलही मूळ धरीत होता. इंग्लंडमध्ये आरंभी वरच्या श्रेणीतील तळाचे व खालच्या श्रेणीतील अग्रणी संघ परस्परांशी निर्णायक सामने खेळत. १८९८ पासून गुणतक्त्यातील स्थानानुसार आपोआप बढती व अवनती होऊ लागली. या नियमाचा गाभा साधा होता. तळाच्या संघाने खाली जावे, परंतु परतीचा मार्ग त्याच्यासाठी खुला राहावा.

भारतातील ड्युरँड, रोव्हर्स, आयएफए शील्ड या जुन्या स्पर्धा बाद पद्धतीच्या होत्या. तेथे हरलेला संघ पुढील वर्षी पुन्हा त्याच पायरीवरून आरंभ करी. कोलकात्याच्या साखळी स्पर्धेत मात्र श्रेणी होत्या. महमेडन स्पोर्टिंग १९३४ मध्ये तेथील प्रथम श्रेणीत आला व त्याच वर्षी त्याने विजेतेपद पटकाविले. तो मान मिळविणारा तो पहिला भारतीय संघ होय. राष्ट्रीय पातळीवर साखळी स्पर्धा सुरू होण्यास १९९६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि २००७ मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली. राष्ट्रीय पातळीवरील घसरणीचा अनुभव आपल्याकडे अशा रीतीने अलीकडचा आहे.

साळगावकर : घसरण आणि पुनरागमन

गोव्यातील साळगावकर हा १९५६ मध्ये स्थापन झालेला संघ. ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो यांच्यासारखे खेळाडू या संघातून खेळले. १९९८-९९ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा तो गोव्याचा पहिला संघ ठरला. परंतु आय-लीगच्या पहिल्याच, २००७-०८ च्या हंगामात तो द्वितीय श्रेणीत घसरला. त्याच हंगामात विजेतेपद त्याचा गोव्यातीलच प्रतिस्पर्धी धेंपो याने मिळविले, त्यामुळे ही घसरण पाठीराख्यांना अधिकच जाचली असणार.

साळगावकरने संघ मोडला नाही. २००९ मध्ये द्वितीय श्रेणीतून तो पुन्हा वर आला आणि करीम बेंचरिफा यांच्या मार्गदर्शनाखाली २०१०-११ मध्ये आय-लीगचा विजेता ठरला. घसरण आणि विजेतेपद यांत अवघी तीन वर्षे होती. पुनरागमन घडल्यामुळे त्या घसरणीला अर्थ आला. २००८ हे वर्ष साळगावकरच्या इतिहासात कलंक म्हणून न उरता २०११ च्या कथेचा आरंभ म्हणून सांगता येते.

जगातील प्रसिद्ध उदाहरणांचे स्वरूपही असेच आहे. मँचेस्टर युनायटेड १९७४ मध्ये घसरला व १९७५ मध्ये द्वितीय श्रेणी जिंकून परतला. मँचेस्टर सिटी १९९८ मध्ये तिसऱ्या पातळीवर गेला, तरी त्या हंगामात त्याच्या घरच्या सामन्यांना सरासरी २८ हजारांच्या आसपास प्रेक्षक येत होते. ३० मे १९९९ रोजी वेम्बली मैदानावर जिलिंगहॅमविरुद्ध दोन गोलांनी मागे असताना सिटीने अखेरच्या क्षणी बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये सामना जिंकून बढती मिळविली. पुढे अनेक विजेतेपदे लाभूनही त्या संघाचे जुने पाठीराखे हा तिसऱ्या पातळीवरील सामना विसरलेले नाहीत.

धेंपो : मैदानावर जिंकूनही न लाभलेली बढती

धेंपोचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. आर्मांदो कुलासो यांच्या प्रशिक्षणाखाली या संघाने २००४-०५ व २००६-०७ मध्ये राष्ट्रीय लीग, तर २००७-०८, २००९-१० व २०११-१२ मध्ये आय-लीग जिंकली. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, रँटी मार्टिन्स अशी त्याच्या खेळाडूंची नामावळी होती. २००८ मध्ये आशियाई महासंघाच्या चषक स्पर्धेत त्याने उपांत्य फेरी गाठली. असा पाच वेळचा राष्ट्रीय विजेता २०१४-१५ च्या हंगामात घसरला.

ही घसरण ज्या पद्धतीने झाली ती लक्षात घेण्याजोगी आहे. त्या हंगामात अकरा संघांत तळाशी होता पुण्याचा भारत एफसी. परंतु थेट प्रवेश मिळालेला संघ म्हणून त्याला अवनतीपासून संरक्षण होते. परिणामी त्याच्या वरच्या, म्हणजे दहाव्या स्थानावरील धेंपोला खाली जावे लागले. पुढच्या, २०१५-१६ च्या हंगामातही हेच घडले. तळाचा संघ पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स होता. संरक्षणामुळे तो राहिला आणि मिझोरामच्या ऐजॉल एफसीवर घसरण ओढवली. गुणतक्त्यात शेवटचा राहिलेला संघ टिकतो व त्याच्या वरचा जातो, हे दृश्य पाहणाऱ्या पाठीराख्याला घसरण आपल्या खेळाची शिक्षा वाटेल, की व्यवस्थेने केलेला अन्याय?

धेंपोने तरीही खालच्या श्रेणीचा मार्ग स्वीकारला. २०१५-१६ ची द्वितीय श्रेणी त्याने जिंकली आणि वर येण्याचा हक्क मिळविला. येथपर्यंतचा प्रवास साळगावकरसारखाच होता. परंतु २०१६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन सुपर लीगला सर्वोच्च स्थान देऊन आय-लीगला तिच्याखाली ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच्या निषेधार्थ साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा या संघांनी जून २०१६ मध्ये आय-लीग सोडली. त्याच वर्षी धेंपोही बाहेर पडला. मैदानावर मिळविलेली बढती वापरलीच गेली नाही.

यानंतरची आठ वर्षे धेंपो राष्ट्रीय पातळीच्या वरच्या पायऱ्यांवर नव्हता. गोव्याच्या स्थानिक लीगमधील खेळ मात्र त्याने थांबविला नाही. अखेर २०२३-२४ च्या आय-लीग द्वितीय स्पर्धेत दुसरे स्थान मिळवून तो २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये परतला. सुवर्णकाळात त्याच्या बचावफळीत खेळलेले समीर नाईक त्या हंगामात प्रशिक्षक होते. परंतु ज्या आय-लीगमध्ये तो परतला ती आता देशातील सर्वोच्च स्पर्धा राहिली नव्हती. पाठीराख्याच्या दृष्टीने हे परतणे खरेच, पण सोडलेले घर तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आले होते.

मुंबई एफसी : स्मृतीस वारस न उरणे

मुंबई एफसीची स्थापना २००७ मध्ये झाली. डेव्हिड बूथ यांच्या प्रशिक्षणाखाली २००८ मध्ये द्वितीय श्रेणी जिंकून त्याने आय-लीगमध्ये प्रवेश केला. म्हणजे या संघाचा आरंभच खालच्या श्रेणीतील होता. खालिद जमील यांनी २००९ ते २०१६ या काळात त्याचे प्रशिक्षकपद सांभाळले. संघाने विजेतेपद मिळविले नाही, पण वरच्या श्रेणीतील स्थान राखले. कूपरेज मैदान उपलब्ध नसताना काही काळ त्याचे घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत होत. ‘यलो ब्रिगेड’ या नावाने ओळखला जाणारा पाठीराख्यांचा गट त्याच्यासोबत होता.

२०१६ मध्ये जमील यांनी मुंबई सोडली व ते ऐजॉलला गेले. गोव्याच्या संघांनी माघार घेतल्याने घसरलेल्या ऐजॉलला आय-लीगमध्ये पुन्हा स्थान मिळाले होते. एप्रिल २०१७ मध्ये हाच ऐजॉल मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून देशाचा विजेता झाला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाशी राहून घसरला. खालिद जमील पुढे २०२५ मध्ये भारतीय राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

घसरणीनंतर मुंबई एफसी द्वितीय श्रेणीत खेळला नाही. तो बंद झाला. त्याच्या पाठीराख्यांच्या वाट्याला खालच्या श्रेणीची वर्षे आलीच नाहीत. नऊ हंगाम ज्या पिवळ्या रंगासाठी त्यांनी घसा कोरडा केला, त्या रंगाला पुढे कोणताही सामना उरला नाही. त्याआधी २०१० मध्ये मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता संघ तर घसरण न होताच बंद करण्यात आला होता.

बंद स्पर्धा, मालकी आणि स्मृती

२०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये आरंभी बढतीही नव्हती व अवनतीही नव्हती. २०२२-२३ ची आय-लीग जिंकून पंजाबचा संघ व २०२३-२४ ची जिंकून महमेडन स्पोर्टिंग वर आला. मात्र २०२४-२५ च्या हंगामापर्यंत त्या स्पर्धेतून गुणांच्या आधारे एकही संघ खाली गेला नाही. मँचेस्टर सिटीच्या मालकसमूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीची बहुसंख्य मालकी घेतली, हा योगायोग बोलका आहे. त्या काळात एकाच समूहाच्या असलेल्या या दोन संघांपैकी मँचेस्टरच्या पाठीराख्यांपाशी १९९९ ची आठवण आहे. मुंबईच्या पाठीराख्यांना त्या दर्जाची आठवण त्या काळात लाभूच शकत नव्हती, कारण त्यांचा संघ खाली जाणे नियमानेच अशक्य होते.

दुसरा मुद्दा मालकीचा आहे. कोल्हापूरच्या फुटबॉलमधील पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठा व तालमी यांच्याशी जोडलेले आहेत. अशा संघाचा हंगाम वाईट गेला तरी पेठ जागच्या जागी राहते आणि आजोबांची आठवण नातवाला शाहू स्टेडियमच्या गॅलरीतच ऐकायला मिळते. उद्योगसमूहांच्या संघांनी खेळाडूंना रोजगार व व्यावसायिक सुविधा दिल्या, हे त्यांचे योगदान नाकारता येणार नाही. परंतु संघ चालविण्याचा वा बंद करण्याचा निर्णय एका कार्यालयात होतो, तेव्हा पाठीराख्यांच्या स्मृतीचे भवितव्यही तेथेच ठरते.

निष्कर्ष

१) घसरण पाठीराख्यांची निष्ठा आपोआप संपवीत नाही. परतीचा मार्ग खुला असल्यास ती स्मृतीला आकार देते, हे साळगावकरच्या उदाहरणावरून दिसते.
२) अवनतीचा नियम काही संघांना लागू व काहींना माफ असेल, तर घसरणीचे नैतिक मूल्य कमी होते. धेंपो व ऐजॉल यांची घसरण हे त्याचे उदाहरण होय.
३) संघाचे बंद होणे हे घसरण्याहून मोठे नुकसान आहे, कारण त्याबरोबर आठवणी पुढे नेणारी परंपरा खंडित होते. मुंबई एफसी हे त्याचे उदाहरण आहे.
४) लोकवस्तीशी जोडलेला संघ अपयशाचा काळ अधिक सहजपणे पचवू शकतो.

खालच्या श्रेणीतील वर्षांचा इतिहास लिहिणे हे पराभवाचे उदात्तीकरण नव्हे. जे संघ बंद झाले त्यांचे पाठीराखे आज आपल्यात आहेत. कूपरेजच्या गॅलरीत उभे राहिलेले लोक मुंबई-ठाणे परिसरातच राहतात. त्यांच्या आठवणी, तिकिटे, छायाचित्रे व सामन्यांच्या कात्रणांचे संकलन मौखिक इतिहासाच्या पद्धतीने आताच झाले पाहिजे. प्रादेशिक महाविद्यालयांतील इतिहास व शारीरिक शिक्षण विभागांनी एकत्र येऊन हे काम हाती घेतल्यास, करंडकांच्या यादीत न बसणारा पश्चिम भारतातील फुटबॉलचा मोठा भाग पुढील पिढीस उपलब्ध होईल.