पॉझिटिव्ह म्हणजे काय?

खालूंच्या लघवीच्या पिशवीतल्या गाठीचा रिपोर्ट घरी आला तेव्हा सगळ्यांचे डोळे एकाच ओळीवर गेले: 'पीडी-एल१ पॉझिटिव्ह'. करोनाच्या काळापासून आपल्या घरांत 'पॉझिटिव्ह' या शब्दाचा अर्थ ठरून गेलाय. खाला रडायलाच लागल्या. खालू म्हणाले, "बेटा, तू मास्तर आहेस, वाचून सांग, हे चांगलं की वाईट?" मला सांगता आलं नाही. मग वाचत बसलो. वाचल्यावर कळलं की हाच प्रश्न डॉक्टरांनाही गेली पंधरा-वीस वर्षं छळतो आहे.

मूत्राशयाच्या कॅन्सरशी शरीराच्या प्रतिकारशक्तीचं नातं जुनं आहे, आणि त्याची एक खूण आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर आहे. टीबीविरुद्धची बीसीजी लस. काल्मेट आणि गेरँ या दोन फ्रेंच संशोधकांनी तेरा वर्षं खपून ती तयार केली आणि १९२१ मध्ये ती प्रथम माणसाला दिली. १९७६ मध्ये कॅनडातले डॉ. मोरालेस यांनी हीच लस नळीवाटे थेट मूत्राशयात सोडली. रुग्ण होते फक्त नऊ. पण गाठी पुन्हा पुन्हा उगवण्याचं प्रमाण घटलं. आजही वरवरच्या, पण परतण्याचा धोका असलेल्या गाठींसाठी हा उपचार चालतो. म्हणजे पहारेकऱ्यांना जागं केलं तर ते चोर पकडतात, हे माहीत होतं. मग ते झोपतात का?

याचं उत्तर क्योतोमध्ये सापडलं, तेही दुसरंच काही शोधताना. तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत पेशी मरतात कशा याचा अभ्यास चालला होता. १९९२ मध्ये त्यांना एक प्रथिन मिळालं. त्याचा मरणाशी संबंध असावा असं वाटून नाव ठेवलं पीडी-१, यातला 'डी' म्हणजे डेथ. नाव चुकलंच म्हणायचं. १९९९ मध्ये हे प्रथिन नसलेल्या उंदरांत शरीर स्वतःवरच हल्ला करू लागलं, आणि समजलं की हा तर ब्रेक आहे. त्या ब्रेकवर पाय ठेवणारं प्रथिन म्हणजे पीडी-एल१. कॅन्सरच्या पेशी ते अंगावर मिरवतात आणि पहारेकऱ्याला थांबवतात. अशाच दुसऱ्या ब्रेकवर काम करणारे जेम्स ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल विभागून मिळालं.

२००७ मध्ये जपानमधल्या ६५ रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. ज्यांच्यात पीडी-एल१ जास्त, त्यांची गाठ जास्त आक्रमक आणि ऑपरेशननंतरचं भवितव्य वाईट. खालांचं रडणं बरोबर ठरावं असा हा निकाल.

पण ब्रेक सोडवणारी औषधं आली आणि चित्र पालटलं. मे २०१६ मध्ये अमेरिकेत अटेझोलिझुमॅबला मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली. ३१० रुग्णांत साधारण १५ टक्क्यांच्या गाठी आक्रसल्या. पीडी-एल१ जास्त असलेल्यांत हे प्रमाण २६ टक्क्यांच्या आसपास होतं. आता तोच 'पॉझिटिव्ह' खुशखबर झाला!

पुढच्याच वर्षी ९३१ रुग्णांची मोठी चाचणी आली. पीडी-एल१ जास्त असलेल्यांत नवं औषध घेणारे मध्यमानाने ११.१ महिने जगले आणि जुनी केमोथेरपी घेणारे १०.६. फरक जवळजवळ नाहीच. नीट पाहा: सगळे रुग्ण धरले तर केमोवाले ८ महिनेच जगले होते. म्हणजे या गटाचं केमोवरही बरं चाललं होतं. इथे ही खूण औषध लागू पडेल का हे सांगत नव्हती, रोग्याचं एकूण कसं होईल याकडे बोट दाखवत होती. आणि ही दोन उत्तरं वेगळी आहेत. २०२१ मध्ये कंपनीने केमोनंतरच्या रुग्णांसाठीची अमेरिकेतली ती मंजुरी स्वतःहून मागे घेतली.

गंमत पुढे आहे. त्याच २०१७ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबची ५४२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात पीडी-एल१ जास्त असलेले केमोवर ५.२ महिनेच जगले; सगळे मिळून ७.४. इथे तीच खूण वाईट! औषध मात्र खूण असो-नसो, उपयोगी पडलं. एक कारण मोजण्यातच आहे. पहिली तपासणी गाठीत शिरलेल्या प्रतिकारपेशी मोजते, दुसरी त्यांच्यासोबत कॅन्सरच्या पेशीही मोजते. चोराच्या अंगावरचा गणवेश आणि पोलिसाच्या अंगावरचा गणवेश, कागदावर शब्द एकच: पॉझिटिव्ह.

२०२३ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि एन्फोर्टुमॅब वेडोटिन या जोडीने पसरलेल्या रोगात मध्यमान आयुष्य १६.१ वरून ३१.५ महिन्यांवर नेलं. त्या चाचणीत रुग्ण घेताना पीडी-एल१ ची अट नव्हती, आणि फायदा दोन्ही गटांना झाला.

खालूंना मी यातलं जमेल तेवढं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे या एका ओळीवरून काही ठरत नाही?" म्हटलं, एकट्या ओळीवरून नाही. खालांनी रिपोर्ट घडी करून फाइलमध्ये ठेवला आणि विचारलं, गुरुवारी डॉक्टरांकडे किती वाजता निघायचं.