भुईखालचा श्वास

ज्या शत्रूला रूप नाहीं, रंग नाहीं व गंधहि नाहीं, त्याचा बंदोबस्त मनुष्यानें कसा करावा? रेडॉन नांवाच्या वायूचा इतिहास म्हणजे या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास होय. आणि तें उत्तर सांपडावयास चारशें वर्षांहून अधिक काळ लागला.

कथेचा आरंभ होतो तो मध्य युरोपांतील खाणींत. एर्त्सगेबिर्गे पर्वतांत योआखिम्सताल नांवाचें चांदीच्या खाणींचें गांव आहे. तेथें १५२७ सालीं अग्रिकोला नांवाचा विद्वान वैद्यकी करूं लागला. त्याचा खाणविद्येवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५५६ सालीं, प्रसिद्ध झाला. कार्पेथियन पर्वतांतील खाणींच्या मुलखांत सात सात नवरे केलेल्या स्त्रिया आढळतात, कारण एकामागून एक प्रत्येकाला छातीच्या क्षयानें नेलें, असें त्यानें त्यांत नमूद केलें आहे. दोष त्यानें धुळीला दिला. तथापि खाणींतील दूषित हवा बाहेर काढणाऱ्या पंख्यांचीं व भात्यांचीं वर्णनेंहि त्याच ग्रंथांत आहेत, हें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

पुढें १८७९ सालीं हेर्टिंग व हेस्से या दोन वैद्यांनीं श्नेबेर्ग येथील मृत खाणकामगारांचीं शरीरें तपासून, हा क्षय नसून फुफ्फुसांतील मारक अर्बुद आहे, असें दाखविलें. रोगाचें नांव कळलें, परंतु कारण कळलें नाहीं. १८९८ सालीं क्यूरी दांपत्यानें रेडियमचा शोध लावला, तो योगायोगानें योआखिम्सतालच्याच खनिजाच्या चोथ्यांतून. १९०० सालीं जर्मनींत डोर्न या शास्त्रज्ञास रेडियमपासून एक वायु निघत असल्याचें आढळलें. तोच रेडॉन. त्याचें आयुष्य अल्प. पावणेचार दिवसांच्या सुमारास तो निम्मा होतो. पण नष्ट होतांना तो जे घन कण मागें ठेवतो, ते श्वासाबरोबर फुफ्फुसांत बसतात व आपल्या किरणांनीं तेथील पेशी बिघडवितात.

हा धोका खाणीपुरताच आहे, अशी समजूत बराच काळ रूढ होती. तिला मोठा धक्का बसला डिसेंबर १९८४ मध्यें. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत लिमरिक येथें अणुविद्युत्केंद्र उभें राहत होतें. वीजपुरवठा अद्याप सुरू व्हावयाचा होता. तेथील स्टॅन्ली वॉट्रस नांवाच्या अभियंत्यामुळें किरणें ओळखणाऱ्या यंत्राची घंटा वाजूं लागली. नवल असें कीं, ती त्यानें कामावर पाऊल टाकतांच वाजली! अर्थात् दोष कारखान्याचा नव्हता; तो घरून बरोबर येत होता. त्याच्या घरची हवा तपासली, तेव्हां दर लिटरमागें सुमारें २,७०० पिकोक्यूरी इतका रेडॉन निघाला. अमेरिकेच्या पर्यावरणरक्षण खात्यानें पुढें उपाययोजनेसाठीं जी मर्यादा ठरविली, ती अवघी ४ पिकोक्यूरीची! कुटुंबास घर सोडावें लागलें.

भुईंतील वायु घरांत शिरतो कसा? थंड प्रदेशांत घर उबदार ठेवावें लागतें. उष्ण हवा वर चढून निसटते, आणि तळाशीं किंचित् कमी दाब उत्पन्न होतो. मग घर जणूं जमिनींतून श्वास ओढतें, आणि जोत्याच्या भेगांतून, नळांभोंवतालच्या फटींतून रेडॉन आंत येतो. शेजारशेजारच्या दोन घरांतहि त्याचें प्रमाण फार वेगळें असूं शकतें. यास्तव शेजाऱ्याची तपासणी आपल्या कामाची नव्हे.

उपाय या कारणाच्या उलटच आहे. तळाच्या काँक्रीटला भोंक पाडून त्याखालीं लहानसा खड्डा करतात व त्यांतून सुमारें चार इंच व्यासाची नळी वर छपराबाहेर नेतात. माळ्यावर अथवा घराबाहेर तिला विजेचा पंखा जोडतात. तो अहोरात्र चालून फरशीखालचा दाब घरांतील दाबाहून कमी ठेवतो; त्यामुळें वायु आंत येण्यापूर्वींच आकाशांत जातो व विरून जातो. पंखा राहत्या खोलींत बसवीत नाहींत. कारण त्याच्या पुढील नळी गळली, तर वायु घरांतच सुटेल. भेगाहि बुजवितात, परंतु केवळ तेवढ्यानें भागत नाहीं. नळीला द्रवानें भरलेली एक वांकडी नलिका लावतात. तिच्या दोन्ही बाजूंची पातळी सारखी झाली, कीं ओढ थांबली असें समजावें. शेवटीं हवा पुन्हां तपासावयाची, हें तर अवश्यच. वॉट्रस कुटुंब असेच उपाय झाल्यावर कांहीं महिन्यांनीं आपल्या घरीं परतलें.

अमेरिकेच्या विधिमंडळानें १९८८ सालीं या विषयावर कायदा केला. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं याहून कडक, म्हणजे सुमारें २.७ पिकोक्यूरीची मर्यादा सुचविली. अमेरिकेच्या त्याच खात्याच्या २००३ सालच्या अंदाजाप्रमाणें त्या देशांत दर वर्षीं सुमारें २१,००० मृत्यु रेडॉनजन्य फुफ्फुसकर्करोगानें होतात. धूम्रपान करणाऱ्यास तर हा धोका कितीतरी अधिक.

पंखा लावून भुईंतील वाईट हवा बाहेर काढावी, ही युक्ति अग्रिकोलाच्या ग्रंथांत होतीच. उणीव होती ती शत्रूच्या ओळखीची. त्या सात सात वेळां विधवा झालेल्या स्त्रियांचें दुःख सर्वांना दिसत होतें, पण त्याचें कारण मोजणारें साधन कोणाजवळ नव्हतें. आज तें साधन आहे. जेथें इंद्रियें साक्ष देत नाहींत, तेथें मापन हाच डोळा. आणि तो मिटून घेण्यास आतां आपणांस कोणतीहि सबब उरलेली नाहीं.