आधी कॉलेज की आधी नोकरी?

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे कार्यकारिणीने मला सुचविले, तेव्हा मंडळाच्या जुन्या आठवणी लिहाव्यात असे प्रथम मनात होते. परंतु मध्यंतरी एक लहानशी गोष्ट घडली आणि विषय आपोआप ठरला. आपल्या एका भगिनीची मुलगी यंदा बारावी उत्तीर्ण झाली. वडिलांचे दुखणे लांबलेले, धाकटा भाऊ दहावीत. एका दुकानात हिशेब लिहिण्याची नोकरी चालून आली आहे आणि दुसरीकडे कॉलेजप्रवेशाची मुदत चार दिवसांवर आली आहे. संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही आयुष्यभर शिकवलंत. तुम्हीच सांगा, आधी कॉलेज करू की आधी नोकरी?"

मला एका शब्दात उत्तर देता आले नाही. साठ वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी माझ्या आईला विचारला होता. माझ्याही आधी आपल्या कितीतरी आज्या-पणज्यांना तो पडला असेल. म्हणून त्यांनी काय केले आणि त्यांचे पुढे काय झाले, हे आठवून पाहावे असे वाटले.

पुण्यात भिडे वाड्यात जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, हे आपण सर्वजणी जाणतो. मुलींच्या शाळा वाढू लागल्या, तशी एक नवी अडचण उभी राहिली. पुरुष मास्तरांच्या हाताखाली मुलींना पाठविण्यास लोक कचरत. शिकविणाऱ्या स्त्रिया तर नव्हत्या. यावर उपाय म्हणून पुण्यात १८७० साली स्त्रियांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे. पण स्त्रियांसाठी त्याची दारे उघडण्यास १८८३ साल उजाडावे लागले. म्हणजे आपल्याकडे स्त्रीला जे पहिले 'कॉलेज' मिळाले, ते पदवीचे नव्हते, नोकरीचे होते!

तेव्हापासून आपल्याकडे दोन वाटा पडल्या. एक वाट इंग्रजीतून मॅट्रिक होऊन विद्यापीठाकडे जाणारी. ती लांब आणि खर्चाची होती. घरी सुबत्ता आणि वडील किंवा पती सुधारक असतील, तरच ती चालता येई. दुसरी वाट मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा देऊन ट्रेनिंग कॉलेजकडे व तेथून शाळेकडे जाणारी. बालविधवा, टाकलेल्या आणि गरिबाघरच्या मुली या वाटेने गेल्या, कारण तिच्या शेवटी भाकर होती. आपण समजतो की हा प्रश्न आवडीचा आहे. पुष्कळ वेळा तो आवडीचा नसून घरच्या परिस्थितीचा असतो.

या दोन वाटांनी गेलेल्या दोन स्त्रिया पुढे एकाच कामात एकत्र आल्या, म्हणून त्यांची हकीकत मला नेहमी बोधप्रद वाटते. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ सालचा. माहेरी प्रार्थनासमाजाचे वातावरण होते. त्या १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढे विवाह झाला, अमरावतीस संसार थाटला. पण तो संसार टिकला नाही. त्या काळी अशा स्त्रीने माहेरी परत यावे व कोपऱ्यात बसावे, हीच रीत होती. ताराबाईंपाशी पदवी होती. राजकोट येथील स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या मुख्याध्यापकपदाची जागा त्यांना मिळाली. तेथून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या आणि बालशिक्षणाचे आपले जन्माचे कार्य त्यांना सापडले. घेतली तेव्हा पदवी नोकरीसाठी घेतली नव्हती. पण अडचणीच्या दिवशी तीच कामी आली.

अनुताई वाघ यांचा जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्यांनी १९२५ साली फायनलची परीक्षा दिली, १९२९ साली ट्रेनिंग पुरे केले आणि त्या नाशिक जिल्ह्यात चांदवड भागात शिक्षिका झाल्या. कॉलेजचा विचारही तेव्हा शक्य नव्हता. नंतर त्या पुण्यास हुजूरपागेत आल्या. दिवसा मुलींना शिकवावे आणि रात्री स्वतः रात्रशाळेत विद्यार्थिनी होऊन बसावे, असा त्यांचा क्रम होता. अशा रीतीने त्या मॅट्रिक झाल्या.

ताराबाई व अनुताई यांची गाठ १९४५ साली पडली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर न्यावी, हा विचार तेथेच प्रत्यक्षात आला. आज खेडोपाडी दिसणाऱ्या अंगणवाडीचे मूळ तेथे आहे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली.

आणि याच कामाच्या धबडग्यात, १९६१ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर अनुताई बी. ए. झाल्या! सत्तेचाळीस वर्षे मागेपुढे, पण दोघीही पदवीधर झाल्या.

येथे कोणी म्हणेल, "बघा, मनात असले की केव्हाही शिकता येते." भगिनींनो, हे वाक्य मी स्वतः वर्गात अनेकदा उच्चारले आहे. आता मात्र ते अर्धेच खरे आहे असे वाटते. अनुताईंची जिद्द असामान्य होती, यात शंका नाही. पण पुण्यात रात्रशाळा नसती, तर ती जिद्द कोठे जाऊन बसली असती? परत फिरणाऱ्या स्त्रीला दार उघडे सापडावे लागते, आणि ते कोणीतरी मुद्दाम उघडे ठेवावे लागते.

अशी दारे उघडी ठेवणारी माणसे आपल्याकडे झाली, हे आपले भाग्य. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले. वय वाढलेल्या स्त्रियांसाठी तेथे वर्ग निघाले. शिक्षिका आणि परिचारिका तयार होऊ लागल्या. अण्णासाहेब कर्वे यांनी १९१६ साली हिंगण्यास महिला विद्यापीठ काढले, ते मातृभाषेतून शिकविणारे. घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभाही तेथे होती. विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली पंधरा लाखांची देणगी देऊ केल्यावर त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास देण्यात आले. मात्र या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळण्यास १९४९ साल यावे लागले. तोपर्यंत तेथील पदवी सरकारी विद्यापीठाच्या पदवीबरोबरीची मानली जात नव्हती. ज्ञान मिळे, पण नोकरीच्या बाजारात त्याचे मोल कमी होई. ही गोष्ट आजच्या मुलींनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे: प्रवेश घेण्यापूर्वी त्या पदवीला मान्यता कोणाची, हे विचारून घ्यावे.

कर्व्यांच्याच आश्रमातील पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण तर थक्क करणारे आहे. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करणाऱ्या या बाईंना इंग्रजी येत नाही याची खंत होती. म्हणून १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या अमेरिकेस गेल्या आणि लोकांच्या घरी घरकाम करून इंग्रजी शिकल्या.

स्वातंत्र्यानंतरचे दार मला विशेष जवळचे आहे. दुर्गाबाई देशमुख यांचे मूळ आंध्रातले. चिंतामणराव देशमुखांशी विवाह झाल्याने त्या आपल्याही झाल्या. त्यांची शाळा लहानपणीच सुटली होती. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास भोगून झाल्यावर त्यांनी बाहेरून मॅट्रिक दिली, मग बी. ए., एम. ए. केले व पुढे त्या वकील झाल्या. आपल्याला आलेली अडचण त्या विसरल्या नाहीत. केंद्रीय समाजकल्याण मंडळ १९५३ साली स्थापन झाले, त्याच्या त्या पहिल्या अध्यक्षा. या मंडळाने १९५८ साली प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रमाची योजना काढली. शाळा सोडलेल्या बाईला दोन वर्षांत परीक्षेला बसविणारे वर्ग गावोगावच्या महिला संस्थांनी चालवावेत, अशी ती योजना होती. आपल्या मंडळाच्या जुन्या इतिवृत्तात 'दुपारचा अभ्यासवर्ग' असा उल्लेख येतो, त्यामागची प्रेरणा हीच.

आता माझी गोष्ट थोडक्यात सांगते. मी १९६४ साली अकरावीची एस. एस. सी. उत्तीर्ण झाले. वडील आदल्या वर्षी गेले होते. आई शिवणकाम करी. थोरला भाऊ कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. मी आईला विचारले, "आई, मी कॉलेजात जाऊ?" आईने शिवणयंत्र थांबविले नाही. ती म्हणाली, "दोघांचं एकदम नाही गं निभायचं." मी ट्रेनिंग कॉलेजात नाव घातले, कारण तेथे विद्यावेतन मिळे, आणि पुढे खेड्यात प्राथमिक शिक्षिका झाले. पगारातून भावाची फी गेली. त्याबद्दल माझ्या मनात राग नाही. मुलांना शिकविण्यात मला आनंदही मिळाला. पण नंतर एका शाळेत वरच्या वर्गाची जागा निघाली, तेव्हा सात वर्षांच्या माझ्या अनुभवापुढे नुकतीच पदवी घेतलेल्या उमेदवाराची निवड झाली. त्या दिवशी घरी येऊन मी रडले, हे आज प्रथमच लिहीत आहे.

त्यानंतर मी बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून नाव नोंदविले. दोन मुले, शाळा आणि सासूबाईंचे आजारपण सांभाळून अभ्यास केला. दुपारच्या अभ्यासवर्गाची खोली संध्याकाळी रिकामी असे. मंडळाच्या त्या वेळच्या चिटणीसबाईंनी तिची किल्ली मला दिली व म्हणाल्या, "घरात कोणी बसू देणार नाही, इथे बसत जा." १९७८ साली मी बी. ए. झाले. चौदा वर्षे लागली. आमच्या ट्रेनिंगच्या खोलीत आम्ही पाच जणी राहत होतो. पाचही जणी म्हणत होतो, "नोकरी लागली की पुढे शिकू." पाचांतील मी एकटीच परतले. बाकीच्या चौघी माझ्याहून हुशार होत्या. त्यांना किल्ली देणारे कोणी भेटले नाही, एवढाच फरक.

म्हणून त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी बोलाविले व तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, नोकरी घरच्या खऱ्या गरजेसाठी धरावी लागत असेल तर खुशाल धर, त्यात कमीपणा नाही. पण ती गरज कागदावर मांडून बघ. औषधाला किती, घरखर्चाला किती, हे लिही. भावाच्या पुढील शिक्षणाची तरतूद ही तुझी एकटीची जबाबदारी समजू नकोस. दुसरी, फी खरोखर किती पडते याची चौकशी कॉलेजात जाऊन कर. सवलती पुष्कळ असतात आणि त्या ठाऊक नसल्यानेच पुष्कळ मुली घरी बसतात. २०२४ सालापासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी महाराष्ट्र शासनाने माफ केली आहे. तिसरी, नोकरी धरलीसच तर 'पुढे शिकू' असे म्हणू नकोस. त्याच आठवड्यात मुक्त विद्यापीठात किंवा जेथे बाहेरून शिकता येईल तेथे नाव नोंदव. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, ते तुझ्यासारखीसाठीच आहे. नाव नोंदविले की तारीख ठरते, आणि तारीख ठरली की घरची माणसेही ती पाळतात.

तिने आईबरोबर बसून हिशेब मांडला. औषधपाण्याचा खर्च मोठा निघाला, तेव्हा दुकानाची नोकरी तिने धरली आहे. मात्र रुजू होण्यापूर्वी तिने बी. कॉम.साठी बाहेरून नाव नोंदविले, पहिल्या वर्षाची पुस्तके आणली आणि मला दाखवायला घेऊन आली. तिचा निर्णय बरोबर की चूक, हे मी आज सांगू शकत नाही. तीन-चार वर्षांनी कळेल, आणि ते पुष्कळसे आपल्यावरही अवलंबून राहील.

यासाठी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. अभ्यासवर्गाची ती खोली सध्या जुन्या खुर्च्या व मांडवाचे सामान ठेवण्यास वापरली जाते. ती मोकळी करावी, एक दिवा व दोन टेबले लावावीत आणि नोकरी करून शिकणाऱ्या मुलींसाठी संध्याकाळी सहा ते नऊ उघडी ठेवावी. मला मिळालेली किल्ली मी अद्याप जपून ठेवली आहे. ती वर्धापनदिनाच्या दिवशी अध्यक्षाबाईंच्या हाती देईन म्हणते.