शिक्क्यांची वही

पासपोर्ट म्हटले की आपल्या घरांतून पहिली आठवण निघते ती हजची. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना पूर्वी खास हजपुरता पिलग्रिम पास मिळत असे. २००९ पासून आंतरराष्ट्रीय पासपोर्ट सक्तीचा झाला आणि ते पास इतिहासजमा झाले. पण पेटीच्या तळाशी, आजोबांच्या तसबीहशेजारी, ते अजून सापडतात. अमुक माणूस अमुक तारखेला अमुक ठिकाणी होता, एवढेच त्यावरचा शिक्का सांगतो.

इतिहासाची स्थळे पाहणाऱ्यांसाठीही असा पासपोर्ट असतो. अमेरिकेत राष्ट्रीय उद्याने व ऐतिहासिक वास्तू पाहणाऱ्यांसाठी तो १९८६ पासून मिळतो. प्रत्येक ठिकाणी तारखेचा शिक्का ठेवलेला असतो; तो आपल्या हाताने वहीत उमटवायचा. जपानमध्ये शंभर किल्ल्यांची अशी वही २००७ साली निघाली. आपल्या टपाल खात्याचेही काही पर्यटनस्थळांपुरते सचित्र शिक्के आहेत. तिकीट लावलेले कार्ड दिले की त्यावर मारून मिळतात. भंडारा जिल्ह्यातल्या किल्ल्यांची वही मात्र आमच्या पाहण्यात नाही. नसेना का! वही शिवायला कोणाचा परवाना लागतो? (परवाना, शिक्का, मोहर, दफ्तर हे सारे शब्द आपण मराठीच समजतो, आणि ते मराठीच आहेत.)

आम्ही वही केली आणि मोहाडी तालुक्यातले करडी हे गाव मध्यावर धरले. करडी कशासाठी? वैनगंगेच्या खोऱ्यातले, धानशेतीवर जगणारे ते एक साधे गाव आहे. तिथल्या मुस्लिम घरातल्या मुलाला इतिहासाच्या पुस्तकात दिल्ली, आग्रा, विजापूर भेटते. ही सगळी शेकडो मैलांवरची गावे. त्यामुळे आपले पूर्वज कुठून तरी दूरवरून आले आणि या मातीत त्यांचे काही नाही, अशी त्याची समजूत होते. शाळासोबत्यांचीही तीच समजूत असते, आणि ती कधी कधी बोचरेपणाने बोलून दाखवली जाते. वहीत दिल्ली-आग्र्याला जागा ठेवली नाही, त्यामागे हेच कारण आहे.

पहिले पान पवनीचे. तिथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले व प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आणले. हे पान आमचे नव्हे असे म्हणणाऱ्याने वही खाली ठेवावी. गावाचा इतिहास धर्मावर वाटून घ्यायचा नसतो.

दुसरे पान तुमसर तालुक्यातल्या अंबागडाचे. सातपुड्याच्या डोंगररांगेतला हा किल्ला १७०० च्या सुमारास राजा खान पठाण याने बांधला. हा राजा खान देवगडच्या बख्त बुलंद शाहाचा सरदार. बख्त बुलंद जन्माने गोंड राजपुत्र. १६८६ च्या सुमारास औरंगजेबाच्या आश्रयाने गादी मिळवताना त्याने इस्लाम स्वीकारला. एवढे वाचून एक बाजू म्हणते, ‘बघा, सत्तेसाठी धर्म बदलला’. दुसरी बाजू म्हणते, ‘बघा, आमचा बादशाह’. दोघेही पुढचे पान उलटत नाहीत. पुढे तोच बख्त बुलंद औरंगजेबाविरुद्ध उठला. बादशाह इतका संतापला की ‘बख्त बुलंद’ म्हणजे थोर नशिबाचा, त्याऐवजी त्याला ‘निगूँबख्त’, म्हणजे फुटक्या नशिबाचा, म्हणावे असे त्याने फर्मावले. घराणे मुसलमान झाले तरी सोयरीक गोंडांशी होत राहिली. १७०२ मध्ये लहान लहान वाड्या जोडून त्याने नागपूर वसवले. अशा माणसाला कोणत्या एका खान्यात बसवणार? गोंड बांधव त्याला आपला म्हणतात. तो त्यांचा आहेच.

अंबागडावर शिक्का मारून देणारे कोणी नाही. बुरूज आहेत, दरवाजा आहे. भोसल्यांच्या काळात गडाचा तुरुंग झाला आणि कैद्यांना आतल्या विहिरीचे दूषित पाणी प्यावे लागे, असे सांगतात. आम्ही पानावर तारीख घातली आणि बांधणाऱ्याचे नाव देवनागरीत व उर्दूत लिहिले.

सानगडीच्या पानावर लिहिण्यासारखे अधिक आहे. साकोली तालुक्यातला हा किल्लाही देवगडच्या पठाण सरदारांकडे होता. देवगडचे राज्य रघुजी भोसल्यांच्या हाती गेल्यावरही महंमद खानाने तो तीन वर्षे धन्याच्या नावाने लढवला, असे गॅझेटियर सांगते. रघुजींनी त्याला चिरडले नाही. किल्ला सोड, सिवनीचा मुलूख देतो, असा निरोप धाडला, आणि त्याला तिथला दिवाण केले. खानाची निष्ठा मोठी की रघुजींची गुणग्राहकता, हा वाद शाळेत मुलांनी अवश्य घालावा. पण त्यासाठी ही गोष्ट आधी वर्गात पोचली पाहिजे.

चौथे पान नागपूरचे. १८६३ पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयाला विदर्भातले जुने लोक आजही ‘अजब बंगला’च म्हणतात. खेड्यातून नागपूरला गेलेल्या माणसाने तो पाहिला नाही असे सहसा होत नसे. या पानावर आम्ही एक वेगळीच नोंद केली. १७४३ मध्ये रघुजींनी नागपूरची सत्ता घेतली, पण बख्त बुलंदाच्या वंशातल्या बुरहान शाहाला गादीवरून पुरते दूर केले नाही. राजा ही पदवी राहिली, तनखा राहिला. भोसल्यांच्या घरात नवा राजा गादीवर बसताना त्याच्या कपाळी टिळा लावण्याचा मान या मुसलमान गोंड राजाचा असे. महसुलाच्या काही कागदांवर त्याचा शिक्का उमटवण्याचा हक्कही त्याच्याकडे राहिला. सत्ता एकाकडे आणि शिक्का दुसऱ्याकडे, अशी ही व्यवस्था होती. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना ती दुबळ्याची समजूत वाटेल. आम्हाला तीत आधीच्या राज्याबद्दलची अदब दिसते, आणि नव्या राज्याचा व्यवहारीपणाही.

आपण उरुसाला जातो, चादर चढवतो, तबर्रुक घेतो आणि परततो. ज्या टेकडीवर दर्गा आहे तिथला किल्ला कोणी बांधला, हे विचारत नाही. हा दोष सरकारवर ढकलता येणार नाही.

पाचवे पान अजून कोरे आहे. ते प्रतापगडाचे. साताऱ्याचा नव्हे, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी तो भंडाऱ्यातच होता. तिथे महादेवाचे देवस्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही. महाशिवरात्रीला यात्रा भरते तेव्हा लोक दोन्हीकडे जातात. आम्हीही त्याच दिवसांत जायचे ठरवले आहे, करडीची दोन-चार मुले बरोबर घेऊन. मुलांच्या वह्या शिवून तयार आहेत.