नळाच्या निमित्ताने : नगरसेविका मृणाल गोरे

मराठी सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहिताना विधिमंडळ आणि संसद यांचा विचार पुष्कळ झाला. महापालिकेचे सभागृह मात्र बहुधा उपेक्षित राहिले. वस्तुतः सामान्य माणसाचा राज्यसंस्थेशी पहिला संबंध येतो तो नळ, गटार, दिवा आणि रस्ता यांच्या निमित्ताने. या साध्या गोष्टींतून लोकशाहीची कसोटी कशी लागते, हे ज्यांच्या कारकिर्दीवरून कळते अशा लोकप्रतिनिधींत समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांचे स्थान फार वरचे आहे.

मृणालताईंचा जन्म २४ जून १९२८ रोजी झाला. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्या या तरुणीने वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून सार्वजनिक कार्य पत्करले. १९४८ मध्ये समाजवादी कार्यकर्ते केशव तथा बंडू गोरे यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला आणि गोरेगाव ही दोघांची कर्मभूमी ठरली. १९५८ मध्ये बंडू गोरे यांचे अकाली निधन झाले. मुलगी लहान होती. तरीही मृणालताईंनी हाती घेतलेले काम सोडले नाही. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या.

गोरेगावचा समावेश मुंबई महापालिकेच्या हद्दीत १९५७ मध्ये झाला होता. हद्द वाढली, परंतु तिच्यामागोमाग जलवाहिन्या आल्या नाहीत. विहार आणि तुळशी हे मुंबईचे जुने तलाव साष्टीच्याच डोंगरांत, गोरेगावापासून फार दूर नाहीत. पण त्यांचे पाणी एकोणिसाव्या शतकापासून दक्षिणेकडील शहराकडे वाहत होते. उपनगरातील गृहिणीला मात्र हंडाभर पाण्यासाठी ताटकळावे लागे. झोपडपट्टीची स्थिती आणखी बिकट होती. वस्ती अनधिकृत, म्हणून नळ नाही, असा प्रशासनाचा युक्तिवाद असे. म्हणजे प्रश्न केवळ पाण्याचा नव्हता. शहरात राबणाऱ्या माणसाला शहराचा रहिवासी मानायचे की नाही, हाच तो प्रश्न होता.

येथे नगरसेवकाच्या अधिकाराची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. १८८८ च्या कायद्याने मुंबई महापालिकेची कार्यकारी सत्ता शासननियुक्त आयुक्ताकडे सोपविली आहे. नगरसेवकाला प्रश्न विचारता येतात, ठराव मांडता येतात, अर्थसंकल्पावर बोलता येते. जलवाहिनी टाकण्याचा आदेश त्याला देता येत नाही. मृणालताईंनी ही उणीव लोकशक्तीने भरून काढली. सभागृहात प्रश्नांचा पाठपुरावा आणि सभागृहाबाहेर रिकामे हंडे घेतलेल्या स्त्रियांचे मोर्चे, अशी ही दुहेरी रीत होती. ज्या स्त्रियांनी तोवर सरकारी कचेरीची पायरी चढली नव्हती, त्या अधिकाऱ्यांना जाब विचारू लागल्या. लोकांनी मृणालताईंना 'पाणीवाली बाई' हे नाव दिले.

पुढे त्यांचे कार्यक्षेत्र विस्तारले, पण रीत तीच राहिली. १९७२ मध्ये त्या विधानसभेवर निवडून आल्या. त्याच वर्षी दुष्काळ आणि महागाई यांनी लोक गांजले असता महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणालताई आणि कम्युनिस्ट अहिल्याताई रांगणेकर यांनी पक्षभेद बाजूस ठेवून तीत एकत्र काम केले. अहिल्याताईंची महापालिकेतील कारकीर्दही १९६१ मध्येच सुरू झाली होती. लाटणी आणि थाळ्या घेतलेल्या गृहिणींचे मोर्चे ही त्या आंदोलनाची खूण ठरली. आणीबाणीत मृणालताईंनी भूमिगत कार्य केले व पुढे कारावास भोगला. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर गेल्या, तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा घरोघरी झाली.

१९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध त्यांनी तेथे आवाज उठविला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने या बाबतीत कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ मध्ये आला. नागरी निवारा परिषदेच्या द्वारे गोरेगावात अल्प उत्पन्न गटातील हजारो कुटुंबांना घरे मिळाली, त्या लढ्याचे नेतृत्वही त्यांनी केले.

१७ जुलै २०१२ रोजी मृणालताईंचे निधन झाले. वस्ती बेकायदा म्हणून पाणी नाकारता येते का, हा प्रश्न तोवर अनुत्तरितच होता. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निर्णय दिला : पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि झोपडी अनधिकृत असली तरी तो हक्क संपत नाही. १९६० च्या दशकात गोरेगावच्या बायका रिकामे हंडे घेऊन हेच सांगत होत्या. कायद्याला तेथवर पोहोचण्यास अर्धशतक लागले. त्या वाटेचा आरंभ एका नगरसेविकेच्या प्रभागात झाला होता, याची नोंद इतिहासाने ठेवावयास हवी.