८ ऑक्टोबर : रस्त्याकडेच्या क्रूसांचे कॉफिंडॅफर
अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियाचे धर्मप्रचारक बर्नार्ड कॉफिंडॅफर १९९३ साली आजच्याच दिवशी वारले. हृदयशस्त्रक्रियेनंतर, १९८४ पासून त्यांनी महामार्गांलगत तीन-तीन लाकडी क्रूस रोवले: मधला सोनेरी, बाजूचे फिकट निळे. कोळसा धुण्याच्या धंद्यातली कमाई त्यांनी यात ओतली. पैसेवाल्याची हौस, असे कोणी म्हणेल. पण जागा मालकाच्या संमतीनेच घेतल्या जात, हेही खरे. खरी उणीव दुसरीच. निधीबरोबर देखभाल आटली आणि कित्येक खांब कुजले. उलट १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या वांद्र्यात रहिवाशांनी उभारलेल्या क्रूसांपैकी कित्येक आजही आहेत, कारण रंगरंगोटी आणि प्रार्थना वस्तीच करते.