एप्समचं मीठ आणि पोटरीतला गोळा

उर्दूत आचक्यांना 'तशन्नुज' म्हणतात. इब्न सीनाच्या 'अल-कानून'मध्ये त्याचे भरल्यामुळे होणारा आणि कोरडेपणामुळे होणारा असे प्रकार येतात. ही विभागणी ग्रीकांकडून आलेली. अंगात काहीतरी जास्त झालं किंवा कमी पडलं, हा तर्क म्हणजे फार जुना. कधीकधी नेमकं काय कमी पडतं, ते मात्र उशिरा कळलं.

इंग्लंडमधल्या एप्समचं कडू पाणी लोक पोट साफ व्हायला पीत. नेहेमाया ग्रू याने 1695 मध्ये त्यातल्या मिठावर पुस्तक लिहिलं. 1808 मध्ये हंफ्री डेव्हीने मॅग्नेशियम वेगळं काढलं. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन्स हॉपकिन्समध्ये मॅककॉलम आणि सहकाऱ्यांनी उंदरांना मॅग्नेशियम नसलेलं खाणं दिलं, तेव्हा उंदरांना झटके येऊ लागले.

पण मात्रेचा खरा धडा बाळंतपणाच्या खोलीत मिळाला. (आम्हा मराठीच्या मास्तरांची मात्रा अक्षरावर चढते, ही रक्तात!) गरोदरपणातल्या झटक्यांवर हेच मीठ टोचतात. प्रिचर्ड यांच्या पद्धतीत दर चार तासांनी 5 ग्रॅम. मात्र प्रत्येक वेळी आधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का, श्वास ठीक आहे का, लघवी पुरेशी झाली का, हे बघायचं. मात्रा वाढली की आधी गुडघ्याची उडी जाते, मग श्वास. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवतात. 1995 च्या मोठ्या चाचणीत, जिच्यात भारतातल्या बायकाही होत्या, हे स्वस्त मीठ डायझेपाम आणि फेनिटॉइनपेक्षा सरस ठरलं.

आता दुकानातल्या गोळीचं. पाकिटावरचे 500 मिग्रॅ ऑक्साइडचे असतील तर त्यात मॅग्नेशियम साधारण 300. सायट्रेटचे असतील तर जेमतेम 80. अमेरिकेत 1997 मध्ये प्रौढांसाठी पूरक गोळ्यांची मर्यादा 350 मिग्रॅ ठरली, ती जुलाबांमुळे. एप्समचा गुण शेवटी तोच! आणि वयस्कांच्या पोटरीतल्या गोळ्यांना यातून फायदा होण्याची शक्यता कमी, असं 2020 च्या कॉक्रेन आढाव्याने सांगितलं. मला हा निष्कर्ष पटतो, तरी शेजारणींच्या सल्ल्यापुढे तो टिकत नाही.

आमच्या अम्मी रात्री पोटरी धरून बसतात. एकीने सांगितलं, एक गोळी लागू पडेना तर दोन घ्या. डॉक्टरांनी गोळीचं नाव ऐकण्याआधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागितला, कारण जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं.